नोकरी ‘लागत’ नसते

मराठी भाषेत काही गोष्टी ‘लागतात’. ठेच लागते, नजर लागते, उचकी लागते, लॉटरी लागते. आणि नोकरी लागते. या पंगतीत बसलेल्या बाकीच्या मंडळींकडे जरा पाहा. एकीतही माणसाचा स्वतःचा हात नाही. ठेच कोणी कमावत नाही आणि उचकी कोणी शिकत नाही. त्या आल्या तर येतात. नोकरीलाही आपण याच पंगतीत पाट मांडून दिला आहे. एकदा ती लागली की दुसरे क्रियापद तयारच असते : ‘चिकटला’. अमक्यांचा मुलगा पाटबंधाऱ्यात चिकटला, तमक्यांचा बँकेत चिकटला. लागणे आणि चिकटणे यांच्या मध्ये कोठे तरी ‘काम’ नावाची वस्तू असायला हवी होती; ती वाटेत सांडली. कारण काम लागत नाही. काम करावे लागते.

यंदाच्या दिवाळीतही घरोघर पाहुणे जमतील. फराळाची ताटे पुढे येतील आणि चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता कोणी काका, कोणी मावशी, कोणी शेजारचे निवृत्त भाऊसाहेब घरातल्या पंचविशीच्या मुलाला विचारतील, ‘काय रे, लागली का कुठं?’ मुलगा खाली मान घालून म्हणेल, ‘तयारी चाललीय.’ आणि विचारणाऱ्याचे समाधान होईल! ‘तयारी’ हा शब्द कानावर पडला की आपण आदराने मान डोलावतो. त्याच मुलाने ‘नाक्यावरच्या गॅरेजात काम शिकतोय’ असे उत्तर दिले असते, तर काकांच्या हातातली चकली हातातच राहिली असती आणि आईने लगबगीने बाहेर येऊन विषय बदलला असता.

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही. तो त्या प्रश्नाविरुद्ध आहे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या तुम्हा-आम्हा सर्वांविरुद्ध आहे.

नोकरी शोधणाऱ्या तरुणांना सल्ला देणारे लेख काही कमी निघत नाहीत. आत्मविश्वास बाळगा, इस्त्रीचे कपडे घाला, हसतमुख राहा, प्रयत्न सोडू नका! असल्या सल्ल्याने पोट भरते ते सल्ला देणाऱ्याचे. तरुणाला त्याचा उपयोग नाही, कारण तो आत्मविश्वासाच्या अभावी घरी बसलेला नसतो. तो घरी बसतो कारण त्याने बसावे अशी घराची इच्छा असते. आपण कामापेक्षा वाट पाहण्याला अधिक प्रतिष्ठा दिली आहे. पूर्वी हा शहरी पांढरपेशांचा रोग होता. आता तो वाडीवस्तीपर्यंत पोचला आहे. हाती तात्पुरते काम घेणारा मुलगा ‘वाया गेलेला’ ठरतो आणि पाच वर्षे अभ्यासिकेच्या खुर्चीत बसलेला मुलगा ‘हुशार, पण नशीब नाही’ असा ठरतो. माझे भांडण आहे ते या न्यायाशी.

आधी थोडे गणित करू. मी शाळामास्तर, फळा दिसला की आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

२०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेचे २०२४ चे आकडे तर आयोगानेच जाहीर केले : अर्ज ९,९२,५९९, प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,८३,२१३, शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. परीक्षेला बसलेल्या सुमारे पावणेसहाशेंत एक!

त्या एकाचा फोटो चौकातल्या फलकावर लागतो. गुलाल उधळला जातो, आमच्यासारख्या शाळा त्याचा सत्कार करतात, आणि सत्कारात तो सांगतो की जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. त्याचे कष्ट खरे असतात. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण उरलेल्या पावणेसहाशेंनी जिद्द दाखवली नाही असे कोणत्या गणिताने म्हणायचे? सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा तेवढ्याच राहणार. वाढेल तो फक्त कट-ऑफ. ज्या शर्यतीत बक्षीस एक आणि धावणारे शेकड्यांनी, तिथे ‘आणखी जोरात धाव’ हा सल्ला एकाला दिला तर सल्ला असतो, सर्वांना दिला तर थट्टा असते.

आणि ही थट्टा फुकट नसते. तलाठी भरतीचे परीक्षाशुल्क खुल्या वर्गाला हजार रुपये आणि राखीव वर्गाला नऊशे रुपये होते. दहा लाख अर्जांना नऊशेनेच गुणा. नव्वद कोटी रुपये होतात. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्याच खिशातून ते गोळा झाले. पूर्वी सावकार गरजवंताला कर्ज देऊन व्याज घेत असे; इथे गरजवंताकडून आशेचेच भाडे घेतले जाते.

आता दुसरा आकडा पाहा. तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेबरोबर २०२४ साली भारतातील रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालची स्थिती दिली आहे. पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांत ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के, पदवीधरांत २९.१ टक्के. जवळजवळ नऊपट! घाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल, शिक्षणच वाईट. ते खोटे आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तो संध्याकाळी चूल पेटावी म्हणून मिळेल त्या मजुरीला विटा उचलतो. पदवीधराच्या मागे कोणी तरी असते : बापाचा ऊस, आईची शिलाई, भावाचा पगार. त्यांच्या जोरावर तो थांबू शकतो. त्याच्या बेकारीचा खर्च घर उचलते. म्हणून त्याला थांबवायचे की चालते करायचे, हा निर्णयही घराच्याच हाती आहे.

*

इथे कोणी मला अडवील, आणि त्याने अडवावेच : ‘मास्तर, नोकऱ्याच निघत नाहीत, भरत्या वर्षानुवर्षे रखडतात, पेपर फुटतात, आणि तुम्ही दोष आईबापांना देता?’

सरकारला मी सोडलेले नाही. जागा रिकाम्या ठेवायच्या, मग कंत्राटी माणसे भरायची, जाहिरात काढायची, पुढे ढकलायची, निकाल लावायचा आणि नेमणुका अडकवायच्या, हा खेळ तरुणांच्या आयुष्याशी चालला आहे. २०२१ साली या राज्यात आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. परीक्षांतले गैरप्रकार रोखायला २०२४ साली केंद्राने आणि राज्याने वेगळे कायदे केले. कायदे करावे लागले हीच कबुली पुरेशी आहे.

याच महाराष्ट्राने एके काळी साऱ्या देशाला धडा घालून दिला होता. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याच कल्पनेने लाखो कुटुंबांना तगवले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ सालच्या राष्ट्रीय कायद्याला वाट दाखवली ती याच योजनेने. खडी फोडणाऱ्याला कामाचा हक्क मिळाला. शिकलेल्याच्या वाट्याला मात्र आले सेवायोजन कार्यालयाचे नोंदणी-कार्ड. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणे भाग पाडले. त्या तिथूनच भरणे भाग पाडले नाही. नोंदणी नव्याने करायची आणि वाट पाहायची! वाट पाहणे हे पोटापाण्याचे साधन आहे, ही समजूत आपल्याकडे अशी सरकारी शिक्क्यानेच रुजली.

तेव्हा सरकारशी भांडले पाहिजेच. मोर्चा काढा, आमदाराला विचारा, वर्तमानपत्रात लिहा. पण मोर्चाहून परत आल्यावर मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर घराला द्यावे लागते. सरकार सुधारेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही.

दुसरे काही शहाणे व्यासपीठावरून सांगतात, ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!’ या वाक्याला टाळ्या हमखास. दाखल्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतात. त्यांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली हे खरे. पण त्या आधीची गोष्ट व्यासपीठावर सांगत नाहीत. बेळगावात सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत एका तांत्रिक संस्थेत पगारी शिक्षक होते. दुकान भाऊ पाहत होते. एक पाय पगारावर ठेवूनच त्यांनी दुसरा पाय पुढे टाकला. यंत्रावरचा हात त्यांनी आधी बसवून घेतला, भांडवल नंतर घातले. ज्याच्या हातात कसब नाही आणि खिशात पैसा नाही, अशा मुलाला ‘उद्योजक हो’ सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘होडी बांध’ म्हणून सांगणे आहे. शिवाय प्रत्येक किर्लोस्करवाडीत एक लक्ष्मणराव असतो. शेकडो असतात ते ओतारी, फिटर आणि हिशेबनीस. त्यांचीही घरे उभी राहिली, त्यांचीही मुले शिकली. त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, म्हणून ते आयुष्य हलके ठरत नाही.

*

वाट पाहणाऱ्यांचीही वाट पाहणारे असतात. पुण्यातल्या पेठांतून एक फेरी मारा. सदाशिव, नारायण, शनिवार. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून एका खोलीत चार-पाच कॉट, खाली मेस, शेजारी अभ्यासिका, समोर झेरॉक्स, वर क्लास. बीड, लातूर, परभणी, सोलापूर, जळगाव, कोठून कोठून आलेली ही मुले पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरतात. त्यांच्या कष्टांकडे पाहून मान लवते. पण जरा हिशेब मांडा. कॉटचे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेचे पैसे, क्लासची फी, टेस्ट सिरीज, पुस्तके, फॉर्म, परीक्षेचा प्रवास. त्यात त्या वर्षांत मुलाने जी काही मजुरी मिळवली असती ती मिळवा. आणि बेरजेखाली लिहा, ही रक्कम कोठून आली? कोणाच्या घरी गोठ्यातली म्हैस गेली, कोणाच्या घरी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. परीक्षेत मुलगा नापास झाला तरी घरमालक नापास होत नाही, मेसवाला होत नाही, क्लासवाला तर कधीच होत नाही. तो पुढच्या जाहिरातीची तारीख सांगतो आणि म्हणतो, ‘थोडक्यात हुकलं तुझं. आणखी एक अटेम्प्ट दे.’

बरे, ज्या नोकरीसाठी हे सारे, ती तरी तुमच्या डोळ्यांपुढची आहे का? तुमच्या डोळ्यांपुढे आजोबांची नोकरी आहे : साडेपाचला घरी, जन्मभर अढळ, शेवटी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यसेवेत आलेल्यांना ती जुनी पेन्शन सरसकट उरली नाही. मार्च २०२३ मध्ये तिच्यासाठीच राज्याचे कर्मचारी आठवडाभर संपावर होते. ज्या घराच्या दारात तुमचा मुलगा पाच वर्षे उभा आहे, त्या घरातली माणसेच खिडकीतून ओरडत होती की छप्पर गळते आहे!

परीक्षा देऊ नका असे मी म्हणत नाही. शासनाला तलाठी लागतात, पोलीस लागतात, शिक्षक लागतात. चांगली मुले तिकडे गेलीच पाहिजेत. माझा आक्षेप आहे तो फक्त परीक्षाच देत राहण्याला.

*

आता कामाचे चार शब्द. हे मुलांनी वाचावेत, पण आधी आईबापांनी वाचावेत.

पहिली गोष्ट मुदतीची. सावकाराच्या कर्जाला मुदत असते, पिकाला हंगाम असतो. मुलाच्या तयारीला मात्र मुदत नाही. ती घाला. किती जाहिराती, किती प्रयत्न, कोणत्या वाढदिवसापर्यंत, हे घरच्या सर्वांसमोर बसून ठरवा आणि कागदावर लिहा. मुदत संपल्यावर ‘आणखी एकदा’ म्हणणारा पहिला माणूस बहुधा मुलगा नसतो, बाप असतो. म्हणून खाली सही बापाची घ्या. आणि मुदत चालू असतानाही दिवसाचे चार तास पैसे मिळणारे काम मुलाच्या हाती असू द्या. शिकवणी असो, दुकानाचे हिशेब असोत, औषधाच्या दुकानातली पाळी असो. चार तास गेले म्हणून अभ्यास बुडत नाही. उलट बारा तास एकाच खुर्चीत बसून मनाला जी बुरशी चढते ती चढत नाही. पुढे मुलाखतीत ‘या तीन वर्षांत काय केलेत?’ असे विचारले तर तोंडात एक उत्तर असते.

दुसरी गोष्ट हाताच्या विद्येची. आयटीआय हा शब्द आपण अजून नाक मुरडून उच्चारतो. जणू दहावीला कमी पडलेल्यांचे ते कोंडवाडे आहेत. देशात ही प्रशिक्षणयोजना १९५० पासून चालू आहे. शिवाय शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आहे, आणि त्याची माहिती दहांतल्या नऊ घरांना नसते. २०१९ च्या नियमांनी असे ठरवले की ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिने त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. चार ते एकोणतीस माणसांची आस्थापनाही मर्जीने घेऊ शकते. यात केवळ फिटर आणि वायरमन येत नाहीत. पदविकाधारक येतात, पदवीधरही येतात. विद्यावेतन मिळते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. काही मालक शिकाऊ मुलाला शिकवत नाहीत, नुसते राबवतात, हेही खरे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे, ‘मला कोणते यंत्र शिकवणार? केव्हा?’ आणि रोज काय शिकलो ते चार ओळींत वहीत लिहावे. सहा महिन्यांनी ती वही कोरी राहिली तर मालक बदलावा.

तिसरी गोष्ट अर्जाची. मास्तर म्हणून मी मुलांचे पुष्कळ अर्ज वाचले आहेत. सगळे एकाच साच्यातले : ‘वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून आपण मला आपल्या सेवेत सामावून घ्याल अशी आशा बाळगतो.’ हा अर्ज नव्हे, हे माधुकरीचे मागणे झाले. कारखानदाराला तुमची हलाखी नको. त्याला सोमवारी सकाळी मशीनवर उभा राहणारा माणूस हवा आहे. त्याला सांगा, ‘दोन वर्षे मामांच्या दुकानाचे हिशेब मी टॅलीवर ठेवले, जीएसटीची विवरणपत्रे स्वतः भरली.’ किंवा, ‘पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग करतो, आमच्या आळीतल्या मोटारी मीच भरल्या.’ एक पान पुरे. त्या पानावर नाव, पत्ता, शिक्षण आणि तुम्हाला काय येते ते, एवढेच. ‘कोणतेही काम करायला तयार आहे’ हे वाक्य मात्र खोडा. ज्याला कोणतेही काम चालते त्याला कोणते येते हे कळायला मार्ग नसतो.

चौथी गोष्ट शोधण्याची. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर येते तेवढीच नोकरी, असे समजू नये. लहान कारखान्यातला माणूस सोडून गेला की मालक आधी हातातल्या माणसांना विचारतो, ‘तुमच्या ओळखीचा कोणी आहे का?’ तिथे तुमचे नाव निघाले पाहिजे. त्याकरिता चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव, जी औद्योगिक वसाहत जवळ असेल तिथे आठवड्यातले दोन दिवस पायी फिरा. दारावर ‘नोकरी आहे का?’ असे विचारू नका. ‘नाही’ हे त्याचे उत्तर रखवालदाराला पाठ असते. विचारा, ‘तुमच्याकडे कोणत्या कामाला माणूस मिळत नाही?’ दहा ठिकाणी हे विचारले की अकराव्या दिवशी काय शिकायचे ते आपोआप कळते. हा प्रश्न लाचारीचा नाही, चौकशीचा आहे. मान खाली घालावी लागत नाही.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ती दगडावर कोरून ठेवावी : नोकरी देणारा पगार देतो, तो पैसे मागत नाही. २०२२ सालची हकीकत आहे. तमिळनाडूतील अठ्ठावीस जणांना रेल्वेत नोकरी लावतो म्हणून टोळीने दोन कोटी सदुसष्ट लाख रुपयांना गंडवले. पैसे घेतल्यावर ‘प्रशिक्षण’ म्हणून त्यांना नवी दिल्ली स्थानकावर उभे केले. रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे! महिनाभर ती माणसे इमानाने डबे मोजत राहिली. हसू नका. ती मूर्ख नव्हती. नोकरी ‘लागते’ असे ज्यांना लहानपणापासून शिकवले गेले, त्यांना ‘लावणारा’ही असतो हे पटायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही ‘साहेबांपर्यंत पोच आहे’ म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्यात असतो. परदेशी कामाला नेणारा भेटला तर १९८३ च्या कायद्याखालचा त्याचा परवाना आधी पाहा आणि सरकारी नोंदीशी ताडून घ्या. पासपोर्ट त्याच्या हाती नंतर द्या.

सहावी गोष्ट काम मिळाल्यावरची. खासगी नोकरीत शाश्वती नाही अशी तक्रार आपण करतो, आणि जी शाश्वती कायद्याने दिली आहे ती मागायला लाजतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार-संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागा. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. तुमच्या पगारातून कापलेला पैसा खात्यावर जमा झाला की नाही, ते पासबुकात दर महिन्याला पाहा. पगार बँकेत घ्या. पहिल्या नोकरीत जन्म काढायचा नसतो, पण ती तोंडी बोलण्यावरही करायची नसते. शिकून घ्यावे, अनुभवाचे पत्र घ्यावे आणि पुढे जावे. नोकरीला चिकटणे हा गुण नाही. तो गोचिडाचा स्वभाव आहे.

*

एक गोष्ट राहिली, आणि ती मुलींची. मुलाच्या तयारीसाठी घर पाच वर्षे पुण्याचा खर्च सोसते. मुलीला मात्र पहिल्याच वर्षी सांगितले जाते, ‘जवळपास काही मिळालं तर बघ, नाही तर स्थळ आलंय.’ तिची मुदत आपण न सांगता घालतो आणि त्याची सांगूनही घालत नाही. वर्गात मी बघतो, हिशेबात आणि नेटकेपणात मुली मुलांच्या पुढे असतात. नर्सिंग, प्रयोगशाळेचे तंत्र, हिशेबनिशी, विजेच्या उपकरणांची जोडणी, कोठेही त्या उभ्या राहतात. त्यांना नोकरी मिळत नाही असे म्हणण्याआधी आपण त्यांना शोधायला तरी दाराबाहेर पाठवले का, हे प्रत्येक बापाने स्वतःला विचारावे.

आणि लग्नाच्या बाजारात तर आपण कहर केला आहे. स्थळ पाहताना पहिला प्रश्न ‘सरकारी आहे का?’ स्वतःच्या वर्कशॉपमध्ये दोन माणसांना काम देणारा मुलगा नाकारला जातो आणि तीन वर्षांपासून ‘मुलाखतीपर्यंत पोचलेला’ मुलगा थांबवून ठेवला जातो. गावोगाव तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली मुले बसली आहेत. त्यांतले कित्येक कमावते आहेत, निर्व्यसनी आहेत. गुन्हा एवढाच की त्यांच्या पगारावर राजमुद्रेचा शिक्का नाही. मुलीच्या बापाने ज्या दिवशी जावयाला ‘तुम्हाला काय काम येतं?’ असे विचारले, त्या दिवशी अर्ध्या अभ्यासिका रिकाम्या होतील. कोणत्याही मंत्र्याच्या भाषणापेक्षा या एका प्रश्नात अधिक बळ आहे.

हाताच्या कामाला पगार कमी आहे, हे मला ठाऊक आहे. पहिली वर्षे कठीण जातात, मालक नडतात, पाठ दुखते. मी कोणाला सुखाची हमी देत नाही. एवढेच म्हणतो की पंचविसाव्या वर्षी हातात कसब असलेला आणि थोडी शिल्लक असलेला मुलगा परीक्षेत नापास झाला तर एक परीक्षा नापास होतो. ज्याने परीक्षेखेरीज काहीच केले नाही तो आयुष्यात नापास झाल्यासारखा घरी परततो. दोघांची बुद्धी सारखीच असते. फरक घरच्यांनी केलेला असतो.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो, पाडव्याला नवी वही घालतो. जुनी येणी-देणी तो लपवत नाही. नव्या पानावर ओढून घेतो. यंदा आपल्या घरातही एक वही घाला. पहिल्या पानावर मुलाचे नाव, दुसऱ्यावर मुलीचे. त्याखाली तयारीची मुदत, आज हाती असलेले काम आणि येत्या वर्षात शिकायची एक विद्या. तिन्ही गोष्टी शाईने लिहा. मग फराळाला बसा. आणि कोणी पाहुणा चकली मोडता मोडता ‘लागली का?’ असे विचारू लागला, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसानेच त्याला म्हणावे, ‘लागायची वाट आम्ही पाहत नाही. ती काय शिकतेय, तो काय करतोय, ते विचारा.’